रानापासून आखरापर्यंत

रानातला प्राणी माणसाने एके दिवशी पकडला, दावणीला बांधला, त्याला चारापाणी दिले आणि काही काळाने तो पाळीव झाला, अशी एक सोपी समजूत आपल्याकडे रूढ आहे. गोंदिया जिल्ह्यातील ज्या गावात मी राहतो आणि शिकवतो, तिथे शेवटची बांधी संपते तिथूनच रान सुरू होते. नवेगाव-नागझिऱ्याच्या त्या रानातील जनावरे आणि आमच्या कोठ्यातील जनावरे वेगवेगळ्या वेळी का होईना, पण एकाच बोडीवर पाणी पितात. अशा ठिकाणी आयुष्य गेलेल्या माणसाला ही समजूत अपुरी वाटते. दावे फार नंतर आले. त्याआधी कितीतरी पिढ्या काही प्राणी वस्तीच्या कडेकडेने वावरत होते, माणसाच्या उरल्यासुरल्यावर जगत होते. माणूस त्यांना सहन करीत होता आणि तेही माणसाला सहन करायला शिकत होते. पाळीवपणाचा आरंभ मला या परस्परांना सहन करण्यात दिसतो.

कुत्र्याचे उदाहरण सर्वांत जुने आहे. शेती नव्हती, गाव नव्हते, मडके नव्हते, त्या काळात माणूस शिकार करून भटकत होता आणि त्याच्या मुक्कामाच्या आसपास लांडगे फिरत होते. त्यांतले जे माणसाच्या चाहुलीने दूर पळत, ते रानातच राहिले. ज्यांची भीती थोडी कमी होती, त्यांना मुक्कामावर टाकलेली हाडे आणि आतडी मिळत गेली, त्यांची पिल्ले जास्त जगली आणि त्या पिल्लांतही तोच धीटपणा उतरला. ही घडण नेमकी कुठे झाली, एकदा झाली की अनेकदा, याविषयी अभ्यासकांत आजही वाद आहेत. परंतु किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी कुत्रा हा लांडग्याहून वेगळा होऊन माणसाबरोबर राहत होता, याविषयी फारसे दुमत नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक पुरुष आणि एक स्त्री यांचे दफन सापडले आणि त्यांच्यासोबत एका कुत्र्याच्या पिल्लाची हाडे मिळाली. हे दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्या पिल्लाच्या दातांचा अलीकडे बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की मरण्यापूर्वी काही आठवडे त्याला डिस्टेंपरचा आजार झाला होता. हा आजार झालेले पिल्लू उलट्या आणि जुलाबांनी गळून जाते. त्याला ऊब दिली नाही, पाणी पाजले नाही, अंग पुसून स्वच्छ ठेवले नाही, तर ते काही दिवसांत मरते. ते आठवडे टिकले, याचा अर्थ कोणीतरी त्याच्याजवळ बसले होते. ते पिल्लू आजारी असताना शिकारीच्या किंवा राखणीच्या कोणत्याही कामाचे नव्हते. माणूस आणि जनावर यांच्या नात्याचा हिशेब केवळ उपयोगाच्या भाषेत मांडणाऱ्यांनी या पिल्लाकडे लक्षपूर्वक पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या रानात रानकुत्री आहेत. कळपाने शिकार करणारी, एकमेकांच्या पिल्लांना भरवणारी, लांडग्याइतकीच समाजशील. तरी घरातला कुत्रा त्यांच्यापासून झाला नाही. त्यांचे कूळच निराळे. शेजार, कळपाची सवय आणि हुशारी या तिन्ही गोष्टी असूनही एखादा प्राणी माणसाकडे वळत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. उलट जो वळला, तो आतड्यापर्यंत बदलला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की पिष्टमय अन्न पचविण्यासाठी लागणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, पण कुत्र्यात त्या कितीतरी अधिक असतात. धानाच्या मुलुखातला कुत्रा शिळा भात आणि पेज खाऊन धष्टपुष्ट राहतो, त्यामागे ही गोष्ट आहे. माणसाने धान्य पिकवायला सुरुवात केली आणि त्याच्या दाराशी बसलेल्या प्राण्याचे पोटही हळूहळू धान्याचे झाले.

मांजराला तर कोणी बोलावलेच नव्हते. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे त्या प्रदेशातील रानमांजर आले. आमच्याकडे बांबूच्या ढोलीत धान भरून ठेवण्याची रीत अजून काही घरांत आहे, आणि ढोली असलेल्या घरात मांजर आपोआप येते, ते कोणी आणत नाही. दहा हजार वर्षांपूर्वी काय घडले असेल, हे समजण्यासाठी तेवढे पाहणे मला पुरे वाटते. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले सापडले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती, म्हणजे कोणीतरी समुद्र ओलांडताना मांजर होडीतून सोबत नेले होते. चीनमध्ये एक वेगळीच गोष्ट दिसते. तिथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत मांजराची हाडे मिळाली, आणि ती आपल्या महाराष्ट्रातही आढळणाऱ्या वाघाटीची निघाली. म्हणजे वाघाटीही धान्याच्या कोठारापर्यंत आली होती, उंदीर खाऊन काही काळ माणसाजवळ राहिली होती. पुढे तिने हा मार्ग सोडला आणि ती पुन्हा रानाची झाली. आजचे चिनी घरमांजर तिचे वंशज नाही, ते पश्चिमेकडून आलेल्या मांजराचे आहे. सोबतीची सुरुवात होऊनही ती मोडू शकते, याचा हा दाखला आहे.

कोंबडीचा इतिहास मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो धानाशी बांधलेला आहे. तिचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा. कोंबडी फार प्राचीन काळापासून पाळली जात होती, असे पूर्वी मानले जाई. २०२२ मध्ये जगभरातील जुन्या हाडांची नव्याने तपासणी झाली, तेव्हा पाळीव कोंबडीची खात्रीशीर हाडे थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणची ठरली आणि त्यांचा काळ इसवी सनपूर्व १६५० ते १२५० असा निघाला. जिथे जिथे भात आणि राळ्यासारखी धान्ये पिकू लागली, तिथे तिथे रानकोंबडे झाडीतून खळ्याकडे उतरू लागले, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. मार्गशीर्षात खळ्यावर धानाची मळणी चाललेली असताना, तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, पुंजण्याभोवती कोंबड्या कशा जमतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा निष्कर्ष पटायला वेळ लागणार नाही. या कथेत आपल्या रानाचाही वाटा आहे. अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग लाल रानकोंबड्याकडून आलेला नसून तो राखी रानकोंबड्याकडून आला आहे, असे २००८ मध्ये दाखवले गेले. हा राखी रानकोंबडा भारताचाच आहे आणि मेळघाटच्या जंगलात पहाटे त्याची बांग आजही ऐकू येते.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची वाट मात्र निराळी होती आणि तिच्यात माणसाचा हात अधिक होता. ती आधी माणसाची शिकार होती. इराणच्या झाग्रोस डोंगरातील गंज दारेह येथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या शेळ्यांच्या हाडांवरून असे दिसते की नर लहानपणीच मारले जात होते आणि माद्या पूर्ण वाढू दिल्या जात होत्या. शिकारी समोर येईल त्यावर बाण सोडतो. पुढच्या वर्षीची वीण मनात ठेवून निवड करणारा माणूस शिकारी राहिलेला नसतो, तो राखण करणारा झालेला असतो. आपल्या वशिंडाच्या गायीचा पूर्वज, म्हणजे रानटी बैल, सिंधूच्या पश्चिमेकडे हिंडत होता. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी त्याचे पाळीव रूप घडले. तिथल्या सर्वांत खालच्या थरांत हरणे आणि इतर रानटी जनावरांची हाडे जास्त आहेत. वरच्या थरांत येता येता गुरांची हाडे वाढत जातात आणि त्याच वेळी ती आकाराने लहान होत जातात. जनावर लहान होत गेले म्हणजे ते दुबळे झाले, असा अर्थ मी घेत नाही. ते आवरता येण्याजोगे झाले, आणि जे आवरले गेले नाही ते वाढू दिले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यात कठोरपणा होता आणि तो झाकण्याचे कारण नाही.

भीती कमी असलेल्यांची निवड केली तर पुढे काय काय बदलते, याचा प्रयोग रशियात झाला. १९५९ साली दिमित्री बेल्यायेव यांनी सैबेरियात नोव्होसिबिर्स्क येथे रुपेरी कोल्ह्यांवर तो सुरू केला आणि त्यांच्यानंतर ल्युदमिला त्रूत यांनी तो चालू ठेवला. निवडीची कसोटी एकच होती: माणूस पिंजऱ्याजवळ गेला असता जो कोल्हा कमी घाबरतो आणि चावायला धावत नाही, त्याचीच पुढे वीण करायची. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्ले माणसाला पाहून शेपूट हलवू लागली, कुईकुई करीत जवळ येऊ लागली. पुढे काहींचे कान लोंबले, काहींच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले, काहींच्या शेपट्या वळल्या. या गोष्टी कोणी निवडल्या नव्हत्या. हे कोल्हे मुळात फरसाठी कोल्हे पाळणाऱ्या फार्मवरचे होते आणि काही ठिपके त्यांच्यात आधीपासून होते, असा आक्षेप अलीकडे घेतला गेला आहे. तो योग्य आहे आणि त्यामुळे लोंबत्या कानांविषयीचे मोठे दावे थोडे सावधपणे करायला हवेत. परंतु स्वभावाची निवड पिढ्यांतून उतरते, हे मूळ सूत्र त्याने बाधित होत नाही.

पिढ्यांतून उतरणे हाच येथे कळीचा मुद्दा आहे, आणि तो समजून घ्यायला विदर्भाइतकी चांगली जागा नाही. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प चालू आहे. तिथे डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे माडिया आदिवासी शिकाऱ्यांनी आणलेली, आई गमावलेली रानातली पिल्ले वाढली. त्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारे बिबटे आणि अस्वले साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहेत. ते प्रेम खरे होते, त्या बिबट्याचा विश्वासही खरा होता. पण तो विश्वास त्या एका बिबट्याचा होता, बिबट्याच्या जातीचा नव्हता. त्याचे पिल्लू रानात जन्मले असते तर ते रानाचेच झाले असते. एका जनावराला एका माणसाची माया लागू शकते आणि ती आयुष्यभर टिकू शकते. जातीला माणसाची सवय लागायची, तर वीण माणसाच्या सावलीत व्हावी लागते आणि पिढ्यानपिढ्या व्हावी लागते.

चित्त्याच्या बाबतीत हेच आडवे आले. मोगल बादशहांनी शिकारीसाठी शेकडो चित्ते पदरी ठेवले, त्यांना उत्तम शिकवले. पण ते सारे रानातून पकडलेले होते. बंदिवासातील मादीला पिल्ले झाल्याची एकच नोंद त्या काळात मिळते, ती जहांगीराच्या वेळची आहे. आणत राहिले, वापरत राहिले, आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. त्याला इतर कारणेही होती, पण पकडण्याचा वाटा लहान नव्हता. हत्तीचे थोडेसे असेच आहे. गडचिरोलीच्या कमलापूर येथील हत्ती माहुताचे शब्द ओळखतात, लाकडे ओढण्याचे काम त्यांनी केले आहे. तरी हत्ती ही जात हजारो वर्षांच्या सहवासानंतरही रानटीच मानली जाते, कारण तो उशिरा वयात येतो, वीण फार सावकाश होते आणि माणसाला प्रौढ हत्ती पकडून आणणे नेहमी सोपे वाटले.

गव्याची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. ताडोबात किंवा आमच्या नवेगावच्या रानात गवा समोर आला तर माणूस वाट सोडतो. त्याच गव्याचे पाळीव भावंड ईशान्य भारतात मिथुन म्हणून ओळखले जाते. अरुणाचल आणि नागालँडमधील लोक त्याला बांधत नाहीत. तो जंगलात मोकळा चरतो आणि मिठासाठी माणसाकडे येतो. मूठभर मिठावर टिकलेले हे नाते आहे. गवा आमच्याकडेही आहे, मीठही आहे, तरी ते नाते इथे जुळले नाही, याचे कारण मला असे वाटते की इथल्या माणसाकडे गाय आणि म्हैस आधीच होती आणि त्याला तिसऱ्याची गरज पडली नाही. म्हशीच्या बाबतीत तर रान आणि कोठा यांतली रेघ अजून पुरती उमटलेली नाही. सिरोंचा वनविभागातील कोलामार्का हे रानम्हशींसाठी राखलेले क्षेत्र आहे, इंद्रावतीच्या पट्ट्यातील त्यांचा वंश तिथे तग धरून आहे. आणि पाळीव म्हशींशी होणारा संकर हा रानम्हशीच्या वंशापुढील एक मोठा धोका मानला जातो. शिकारीइतकाच हा शेजारही त्यांना पुसून टाकू शकतो.

या सोबतीने माणूस बदलला नाही, असे समजू नये. मोठेपणी दूध पचविण्याची शक्ती ही मुळात माणसाची नव्हे. गुरे पाळणाऱ्या समाजांत ती जनुकातून पसरली. गोंड आणि माडिया वस्त्यांतील जुनी माणसे गायीचे दूध काढीत नसत, ते वासराचे आहे असे म्हणत. त्यांची गाय नांगराच्या बैलासाठी आणि शेणासाठी होती. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडी रोगाच्या विषाणूपासून निघाला, हेही याच सोबतीतून आले. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. तिच्यापासून निघालेला गोवर अजून आपल्या लेकरांना होतो.

माणसाने जागोजागी जनावर घडवले आणि त्या जागेने माणसाला. वर्ध्याच्या आर्वी, आष्टी, कारंजा भागातील गवळाऊ बैल चपळ चालीचे, म्हणून भोसल्यांच्या काळात गाड्यांना जुंपले गेले. नागपुरी म्हशीची तलवारीसारखी मागे गेलेली लांब शिंगे दुरून ओळखू येतात. आमच्या पूर्व विदर्भाची कठाणी जात अंगाने लहान. पण चिखलणीच्या बांधीत मोठा बैल जिथे रुततो, तिथे कठाणी जोडी चालते आणि तणशीवर भागवते. नागपूरजवळ माहूरझरी येथील लोहयुगीन शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या वर्तुळांतील दफनांत, माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे अलंकार सापडले आहेत. मेलेल्या घोड्याबरोबर तांबे पुरणारी ही माणसे आपल्याच मातीतली होती.

ही सारी घडण ज्या माणसाच्या हातून रोज पुढे जात होती, तो आमच्याकडे गायकी. सकाळी गावातील गुरे आखरावर, म्हणजे गुरे जमण्याच्या गावच्या मोकळ्या जागेवर, जमायची, गायकी ती रानात न्यायचा, दिवस मावळायच्या आत परत आणायचा; दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाच्या वेळी मान त्याचा असायचा आणि घरोघरचे धान हे त्याचे मोल होते. आमच्या गावातील एका वृद्ध गायक्याला मी विचारले होते की एवढी ढोरे तुम्ही एकटे कशी सांभाळता. ते म्हणाले, ‘गुरुजी, ढोरं मी नेत नाही, ढोरंच मले नेतात. कोन्त्या महिन्यात कुठं गवत असते, हे त्याइले मायापेक्षा जास्त समजते. मी फक्त वाघाच्या बाजूनं चालतो.’

आता आखर जवळपास रिकामे असते. चिखलणी ट्रॅक्टर करतो, कापणी हार्वेस्टर करतो, आणि हार्वेस्टरने कापलेल्या धानाची तणीस बहुधा शेतातच राहते, ती कोठ्यापर्यंत येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंश मोजला गेला आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत देशी गुरे सहा टक्क्यांनी घटलेली आढळली. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. दोन एकर धानाच्या उत्पन्नावर वर्षभर बैलजोडी पोसणे किती जड जाते, ते मी माझ्या घरी पाहिले आहे. पण विकत कोणी घेत नाही म्हणून जी गाय दावे सोडून हाकलून दिली जाते, ती जाणार कुठे, हा प्रश्न उरतो. तिच्या पूर्वजांच्या, म्हणजे रानटी बैलाच्या, जातीतील शेवटचे जनावर १६२७ साली पोलंडच्या जंगलात मेले; भारतीय रानटी बैल त्याच्याही कितीतरी आधी संपला. रानम्हशीला परतायला कोलामार्का आहे, गायीला परतायला रानातले कोणी उरलेले नाही. आठ हजार वर्षे आपण तिच्यातील बुजरेपणा निवडून निवडून काढून टाकला, म्हणून आज ती रस्त्यावर ट्रकसमोर उभी राहते आणि रानाच्या कडेला वाघासमोरही उभी राहते. वाघाला त्यामुळे गावाच्या कडेची सवय लागते, आणि पुढे मोहफुले वेचायला पहाटे गेलेल्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते.

यंदाच्या ग्रामसभेत आम्ही काही जणांनी गायक्याचा विषय मांडला आहे. घरटी धान गोळा करण्याची जुनी रीत आता चालणार नाही, कारण ज्यांच्याकडे गुरे नाहीत ते का देतील. म्हणून ज्यांची गुरे आहेत त्यांनी महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी, मोकाट गुरांचा भार गावाने वाटून घ्यावा आणि आखराच्या जागेवर झालेले अतिक्रमण आधी हटवावे, असा आमचा प्रस्ताव आहे. अतिक्रमणाच्या मुद्द्यावर चर्चा अडली आहे. त्या वृद्ध गायक्यांच्या नातवाची काम करायची तयारी आहे. त्याने एवढेच विचारले आहे की दर महिन्याला पैसे वेळेवर मिळतील का.